वाकडी करंगळी

करमाडच्या श्रेयाला माणसाच्या आधी त्याचे कान दिसायचे. दोष तिच्या कामाचा. विद्यापीठाच्या प्रयोगशाळेत ती दिवसभर प्रथिनांचे नातेवाईक धुंडाळायची. प्रथिन म्हणजे मण्यांची माळ. पण ही माळ सरळ राहत नाही, स्वतःची घडी घालून बसते. पिढ्यान्‌पिढ्या मणी बदलत जातात, घडी मात्र बहुधा टिकते. म्हणून मण्यांचा क्रम जुळवून नातं लागलं नाही, की श्रेया घडीचा आकारच संगणकाला देई आणि लाखो आकारांतून तसाच दुसरा शोधायला लावी. बोंडअळीचं एक बेवारस प्रथिन तिनं असंच थेट एका बुरशीच्या घराण्यात नेऊन बसवलं होतं.

आई चतुराबाई म्हणायची, "अळीला सोयरे सापडले, आमच्या पोरीला कधी सापडायचे?"

सापडले. बजाजनगरचा शिवम आपल्या आजोबांना, नानासाहेबांना घेऊन तिला बघायला आला. स्वयंपाक येतो का, हे त्यानं विचारलंच नाही. "तुम्ही नेमकं करता काय?" असं विचारून तो खरंच ऐकत बसला. श्रेयाला तो तिथंच आवडला, अगदी मनापासून. मग काय, बाई पाघळल्या.

"सोपं आहे. नावगाव सोडायचं, घडण बघायची. आता हेच बघा ना!"

समोर तिचे वडील काकासाहेब आणि नानासाहेब बशीतून चहा फुरकत होते. दोघांच्या करंगळ्या सारख्याच आत वाकलेल्या, दोघांचे कान वरून दुमडलेले.

"आडनावं वेगळी, पण घराणं एकच म्हणावं लागेल!" श्रेया हसली. हसणारी ती एकटीच होती.

नानासाहेबांनी बशी खाली ठेवली. "पोरगी लई हुशार हाय," ते खाकरले. "काकासाहेब, तुझा बाप माझा सख्खा धाकटा भाऊ. मी तान्हा असतानाच आजोळी दत्तक गेलो."

"अन् हे आत्ता सांगता व्हय?" काकासाहेब उठलेच.

"स्थळ चांगलं वाटलं. म्हटलं, दत्तक गेल्यावर कोण मोजतंय?"

काकासाहेबांनी मोजलं. आधी ते कडाडून भांडले, मग चुलत्याच्या गळ्यात पडून रडले. सोयरिक मोडली, भावकी वाढली. चतुराबाईनं पोह्यांचं ताट आदळलं. "जरा जीभ आवरली असतीस, तर आज सुपारी फुटली असती!"

राखीला शिवम आला. पाटावर बसला, हात पुढं केला आणि हळूच म्हणाला, "तुमचं ते आकार जुळवणं कधी चुकतं का हो?"

"चुकतं ना. कधीकधी नुसताच योगायोग असतो," श्रेया म्हणाली. राखी तशीच हातात धरून तिनं त्याच्या करंगळीकडं आशेनं बघितलं.

करंगळी चांगली आत वाकलेली होती. श्रेयानं निमूटपणे गाठ मारली.