मागच्या लिफ्टचं माप

मुलगी नऊ महिन्यांची झाली तेव्हा तिच्यासाठी बाबागाडी घ्यायचं ठरलं, आणि एका सकाळी मी शिवणकामाची टेप घेऊन आमच्या इमारतीच्या मागच्या लिफ्टमध्ये उभी राहिले. सकाळी साडेनऊपासून अकरापर्यंत या लिफ्टमधून कचऱ्याचे दोन निळे ड्रम वरखाली होत असतात. ड्रम एका बाजूला सरकवले आणि उरलेल्या जागेला टेप लावली. अठ्ठेचाळीस सेंटिमीटर. आकडा वहीत लिहिला, खाली ठसठशीत रेघ मारली. आपण फार नीट काम करतो आहोत, असंच मला तेव्हा वाटत होतं.

मी पत्रकांवर वाढले आहे. आई-बाबा दोघंही कामगार संघटनेचे. आमच्या घरात फराळाच्या डब्यांपेक्षा पत्रकांचे गठ्ठे जास्त असत, आणि शनिवारी संध्याकाळी ती वाटायला मंडईच्या दारात उभं राहणं हीच आमची सहल. पत्रक खालून वाचायचं, हे बाबांनी शिकवलं. आधी प्रकाशक कोण, मुद्रक कोण ते बघायचं, मग मागण्या. कुणी छापलंय ते कळल्याशिवाय काय छापलंय ते कळत नाही, असं त्यांचं म्हणणं. त्यामुळे या इमारतीत भाड्याने राहायला आलो त्याच दिवशी मी लिफ्टशेजारची पाटी वाचली होती: ‘घरकामगार, डिलिव्हरी कर्मचारी व पाळीव प्राणी यांनी मागील लिफ्टचा वापर करावा.’ माझं डोकंच फिरलं. सोसायटीला चार पानी पत्र लिहिलं. उत्तर एका ओळीचं आलं, ‘आपला विषय नोंदवला आहे.’ मग बाळंतपण आलं, मुलगी आली, आणि विषय नोंदवलेलाच राहिला.

मुलीला सांभाळायला मावशी येतात, येरवड्याहून. आमच्या इमारतीत त्यांची तीन घरं आहेत, त्यांतलं एक आमचं. रोज दहा वाजता त्या मुलीला खालच्या बागेत नेतात. मागची लिफ्ट तळमजल्यावर थांबतच नाही, थेट खाली पार्किंगमध्ये उतरते. तिथून गाड्या चढतात त्या उतारावरून मावशी मुलीला कडेवर घेऊन वर येतात. त्यांचा उजवा गुडघा दुखतो. म्हणून बाबागाडी हवी होती, आणि म्हणून ती अरुंद, हलकी, एका हाताने मिटणारी हवी होती. मी घरूनच अनुवादाचं काम करते. तीन आठवडे काम बाजूला सारून मी गाड्यांची वजनं वाचत होते. मावशींच्या गुडघ्याचा इतका विचार करणारं दुसरं घर या इमारतीत नसेल, असंही एकदा मनात येऊन गेलं. ते इथे लिहायला लाज वाटते, पण आलं होतं.

लक्ष्मी रस्त्याजवळच्या एका जुन्या दुकानात आम्ही तिघी गेलो. दुकानदार साठीचे, चष्मा कपाळावर. मी वही उघडून चाकांचं, पट्ट्यांचं, वजनाचं विचारायला सुरुवात केली.

“मॅडम, गाडी घ्यायची आहे की तिची तोंडी परीक्षा?” ते म्हणाले.

त्यांनी सगळ्यात अरुंद गाडी काढली, छत्रीसारखी मिटणारी. मुलीला बसवलं तर ती घसरत खाली आली, हनुवटी छातीला टेकली.

“ही प्रवासाची गाडी. पोर दीड-दोन वर्षांचं झालं की ठीक आहे. हिला रोज यात घालणार असाल तर घेऊ नका. मी विकतो, तरी सांगतो.” मग त्यांनी दुसरी गाडी पुढे ढकलली. रुंद बैठक, पाठ पूर्ण आडवी होणारी, जाड रबरी चाकं. मुलगी तिच्यात बसली आणि पुढच्या दांड्यावर दोन्ही हातांनी थापा मारायला लागली.

“झालं. ग्राहकाला पसंत आहे.”

“ही मावणार नाही,” मी म्हणाले. “जागा अठ्ठेचाळीस सेंटिमीटरच आहे.”

“अठ्ठेचाळीस? राहता कुठे, कपाटात?”

“लिफ्टमध्ये मावायला हवी.”

“अहो, लिफ्टमध्ये व्हीलचेअर जाते. कुणी बांधली ही लिफ्ट?”

मी काही बोलायच्या आत मावशी बोलल्या. “मागची लिफ्ट हाय ती. कचऱ्याचे ड्रम असत्यात ना, त्यांच्या बाजूची जागा मोजलीय ताईंनी.”

“पुढची लिफ्ट नाही का इमारतीला?”

“हाय की,” मावशी म्हणाल्या. “ती माणसांची.”

टोमणा नव्हता. राग नव्हता. कुणी बसचा थांबा विचारावा आणि आपण सांगावा, तसं त्यांनी सांगितलं. दुकानदारांनी चष्मा कपाळावरून डोळ्यांवर घेतला आणि मावशींकडे नाही, माझ्याकडे पाहिलं.

पाटी लावणाऱ्यांनी लावली होती, पण टेप मी लावली होती. माझी मुलगी आणि तिला रोज जपणारी बाई कचऱ्याच्या ड्रमशेजारी नेमक्या किती जागेत मावतात, ते मी माझ्या अक्षरात लिहून आणलं होतं. त्याच्याखाली रेघसुद्धा मारली होती.

“ही मोठी द्या,” मी म्हणाले. आवाज नको तेवढा चढला. “मावशी, उद्यापासून तुम्ही पुढच्या लिफ्टने जायचं. बघतेच कोण अडवतं ते.”

मावशींनी मुलीला उचललं. “दोन मिनिटं हां, भाऊ,” असं दुकानदारांना सांगून त्या मला दुकानाच्या पायरीवर घेऊन आल्या.

“ताई, गाडी तुम्ही घेणार. ढकलणार कोण?”

“तुम्ही, पण...”

“मग अडवतील कुणाला?”

मावशींनी मुलीला दुसऱ्या कडेवर घेतलं.

“सहाव्या मजल्यावर एक बाई होती कामाला. गणपतीत मागची लिफ्ट बंद पडली, तर पुढच्या लिफ्टनं उतरली. हातात मोदकाचं पातेलं होतं, जिन्यानं कुठं उतरणार? वॉचमननं फोटो काढला. दुसऱ्या दिवशी गेटवर तिचं कार्ड चालंना. चारी घरं गेली तिची. माझी तीन हायती, अन् कार्ड एकच हाय.”

“पण मावशी, हे चूक आहे.”

“चूक हाय ते मला काय सांगताय? मीच जाते की रोज त्यातनं.”

गाडी न घेताच आम्ही परतलो. त्याच संध्याकाळी मी सोसायटीच्या अध्यक्षांकडे गेले. सभ्य गृहस्थ, निवृत्त. आल्याचा चहा आला. मुलीला दात आले का, ते त्यांनी खरोखरच्या आस्थेने विचारलं.

“आपलं मागचं पत्र मी जपून ठेवलंय,” ते म्हणाले. “भाषा फार सुरेख आहे आपली.”

मी गाडीचं सांगितलं. त्यांनी लगेच मान डोलावली. “हो, हो, अवश्य. गाडी पुढच्या लिफ्टनेच न्या. बाळ काय, आपल्या सोसायटीचंच आहे. मावशी मागच्या लिफ्टने उतरतील.”

“आणि बाळाबरोबर लिफ्टमध्ये कोण असेल?”

त्यांनी विचार केला. खरंच केला, कपाळाला आठ्या घालून. “कुणीतरी रहिवासी असतंच. नसलं तर बटण दाबून द्यायचं. खाली वॉचमन आहे, तो उतरवून घेईल.”

ते हसतील म्हणून मी थांबले. त्यांनी बिस्किटांची बशी माझ्याकडे सरकवली.

नऊ महिन्यांचं मूल आमच्या नवव्या मजल्यावरून लिफ्टमध्ये एकटं खाली जाईल, हे या माणसाला जमण्यासारखं वाटत होतं. मावशी त्याच्या शेजारी उभ्या राहतील, हे नव्हतं. मी इतकी हबकले, की आवाज चढवायचंही सुचलं नाही. एवढंच म्हणाले, “गेल्या दिवाळीत तुम्ही कुत्र्यांना पुढची लिफ्ट खुली केलीत.”

“त्यांच्या मालकांनी रीतसर अर्ज केले होते. शिवाय कुत्र्याबरोबर मालक असतो.” मग त्यांनी फोन काढला आणि मला दाखवला. “आणि मुख्य म्हणजे, आपण तर हमी दिलेली आहे.”

मावशींचं कार्ड काढताना सोसायटीच्या ॲपवर भरलेला तो फॉर्म होता. ‘माझ्या घरी काम करणारी व्यक्ती मागील लिफ्टच वापरेल, याची जबाबदारी माझी राहील. रहिवासी सोबत असल्यास अपवाद.’ शेजारी ‘मान्य’ची हिरवी खूण. खाली माझं नाव. तारीख पाहिली तर मुलगी तेव्हा पाच आठवड्यांची होती. एका हाताने तिला पाजत दुसऱ्या हाताच्या अंगठ्याने मी ती खूण केली असणार. कागद असता तर खालून वाचला असता. पडद्यावरचं मी कुठूनच वाचलं नव्हतं.

“ही हमी मागे घेतली तर?”

“कार्ड आपोआप बंद होतं,” ते हळहळून म्हणाले. “माझ्या हातात काही नाही हो. सिस्टिम आहे.”

दुसऱ्या दिवशी मी मावशींना सगळं सांगितलं, माझ्या खुणेसकट. त्या चिडतील, कदाचित काम सोडतील, अशी तयारी करून बसले होते. त्या मुलीचे कपडे घड्या करत होत्या.

“ठाऊक हाय मला. तिन्ही घरांनी केलीय ती खूण. त्याबिगर कार्ड कसं मिळंल?”

म्हणजे मला सोडून सगळ्यांना माहीत होतं.

“चौथ्या मजल्यावरच्या आजींना दवाखान्यात नेते ना मी,” मावशी पुढे म्हणाल्या, “तवा पुढच्याच लिफ्टनं उतरते. आजी संगं असत्यात. घरचं माणूस संगं असलं की चालतंय.”

“मग?”

“मग काय. दहाला खाली, अकराला वर. तुम्ही घरातच असता की.”

मी लॅपटॉपसमोर बसले होते. तीन आठवडे मी गाड्यांचे ग्रॅम मोजले होते. आपण या खुर्चीतून उठू शकतो, हे एकदाही मनात आलं नव्हतं.

“रोज?” माझ्या तोंडून निघून गेलं.

“मी रोजच जाते,” मावशी म्हणाल्या.

सर्वसाधारण सभेसाठी मी पुन्हा पत्र दिलं. या वेळी अर्ध्या पानाचं. त्यात मावशींचं नाव कुठे नाही, माझ्या ‘मान्य’च्या खुणेचा उल्लेख आहे. सभा व्हायची तेव्हा होईल.

गाडी मात्र त्याच आठवड्यात घेतली, आणि निवडली मावशींनी. रुंद गाडी त्यांनी दुकानाबाहेर काढली, गर्दीतून मंडईच्या दिशेने पन्नास पावलं नेली, गटाराच्या झाकणावरून मुद्दाम दोनदा चढवली-उतरवली. मग दुखरा गुडघा बाजूला ठेवून, डाव्या गुडघ्याने रेटून तीनदा मिटून पाहिली. “हीच.” दुकानदारांनी या वेळी मला काहीही विचारलं नाही.

पहिल्या दिवशी निघताना मावशींनी बजावलं, “कुणी काय बोललं तर तुम्ही बोलायचं. मी गप ऱ्हाणार.” दहा वाजता आम्ही नवव्या मजल्यावरून पुढच्या लिफ्टमध्ये शिरलो. मावशी मागे गाडी धरून, मी बटणांपाशी.

लिफ्ट सातव्यावर थांबली. दार उघडलं. माझ्या बाळंतपणात डिंकाचे लाडू घेऊन आलेली शेजारीण समोर उभी होती. मुलीकडे बघून ती हसली, मग तिची नजर मागे गेली. हसू तोंडावर तसंच राहिलं, आत टाकलेलं पाऊल तेवढं तिने मागे घेतलं.

“जागा नाही वाटतं,” ती म्हणाली. “तुम्ही व्हा पुढे.”

अजून तिघी मावल्या असत्या. माझं वाक्य तयार होतं, चांगलं धारदार वाक्य होतं. पण गाडी चर्रकन मागे ओढल्याचा आवाज आला, माझ्या खांद्यावरून मावशींचा हात पुढे आला आणि दार उघडं ठेवायच्या बटणावर टेकला.

“हाय की जागा. या ना, ताई.”

शेजारणीने माझ्याकडे पाहिलं. तिच्या वतीने मी काहीतरी बोलावं, अशी तिची अपेक्षा दिसत होती. मी बाजूला सरकून तिला जागा केली. खाली कुणीतरी लिफ्टची वाट पाहत दारावर थापा मारत होतं. मावशींनी बटणावरचा अंगठा काढला नाही.