मेहरू आणि मागं घेतलेली नावं

सलीमभाई सकाळी दारात आले तेव्हा मी स्वयंपाकघरात लिंबाच्या लोणच्याची बरणी हलवत होते. त्यांच्या चपलेचा आवाज ओळखीचा, म्हणून आतूनच ओरडले, "मेहरूले सांगा, अजून मुरलं नाही, हावरटपणा करू नको म्हणा!" एरवी ते हसले असते. बाहेर येऊन पाहते तर सलीमभाई पायरीखालीच उभे, टोपी हातात घेतलेली. "कुसुमताई, फजरच्या नमाजाआधीच गेली," एवढंच म्हणाले. माझ्या हातात बरणीचं झाकण होतं. ते मी त्यांच्या घरापर्यंत तसंच घेऊन गेले, हे मला तिथल्या बायकांनी सांगितलं.

मेहरुन्निसा पुसदेत कोण होती, हे पुसदवाल्यांना सांगायला नको. बाकीच्यांसाठी सांगते. ती सलीम मेकॅनिकची बायको, माझी समोरची शेजारीण आणि आमच्या गावातली एकुलती एक स्केटिंगची मास्तरीण. स्केटिंग म्हणजे शर्यतीचं नव्हे. टीव्हीवर बर्फावर पोरी गिरक्या घेतात, उड्या मारतात, गाण्यावर हात फिरवतात, तसलं, फक्त बर्फाऐवजी चाकांवर. तिचं माहेर नागपूरचं. तिथं शाळेत शिकली, राज्यापर्यंत खेळली आणि लग्न होऊन पुसदेत आली ती संदुकीत चाकांचे बूट घेऊनच. सासूनं विचारलं, हे काय? म्हणाली, "दहेज." गोड बोलणं तिच्या स्वभावात नव्हतं. तिच्या लेखी कोणाचीच पोरगी बरी नाचायची नाही. शेवटची भेटली तीही खुर्चीत बसून माझ्या नातीवर खेकसतानाच... "पाय पाह्य, पाय! आभाळ कायले पाह्यतं? आभाळ पडत नाही, तू पडतं!"

मी तिच्या नादी कशी लागले ते सांगते, कारण त्यात माझीच फजिती आहे. माझी वैशाली दहा-अकरा वर्षांची होती. मेहरू जवळच्या जिनिंग फॅक्टरीत, म्हणजे सरकी काढायला कापूस येतो त्या जिनात, पोरींना शिकवायची. तिथं कापसाच्या गंज्या लावायला सिमेंटची मोठी गुळगुळीत फरशी होती. जिनाचे मालक हौशी. त्यांनी मेहरूला सांगून ठेवलं होतं, काटा सुरू होईपर्यंत फरशी तुमची, मग कापसाची. काटा सुरू होणं म्हणजे वजनकाट्याची पूजा होऊन सरकारी खरेदीला सुरुवात होणं. फाटकाच्या कुलपाची चावी मेहरूच्या ओढणीला बांधलेली असायची. मी पोरीला सोडायला म्हणून गेले आणि पाहता पाहता वाटलं, यात काय अवघड आहे! तेव्हा मी स्वतःला फार काही समजत होते. चापूनचोपून साडी, डोळ्यांवर गॉगल, महिला मंडळाची सेक्रेटरी. मेहरूचे बूट मागून पायात चढवले आणि उभी राहिले. पुढचं मला आठवतं ते एवढंच, की मी जिनाच्या भिंतीला मिठी मारली होती आणि मेहरू मागून म्हणत होती, "सोड वं तिले, ते भिंत कुठं पळून राह्यली?" त्या दिवसापासून तिनं मला मॅनेजर केलं. म्हणाली, टेपरेकॉर्डर सांभाळ, बोलायचं काम कर, पाय मातीवर ठेव.

वैशू चांगली निघाली. मेहरूसुद्धा तोंडावर कबूल करत नसे, पण माझ्याजवळ म्हणायची, "हिच्या घोट्यात देवानं तेल टाकलं." मग एका वर्षी ती म्हणाली, हंगामाच्या सुरुवातीला परदेशात स्पर्धा होतात, स्केटिंगच्या संघटनेतर्फे नाव पाठवता येतं, आपण वैशूचं टाकू. मी तर दुसऱ्याच दिवशी निळा ब्लेझर शिवायला टाकला. संध्याकाळी अंगणात एकटीच इंग्रजीत नमस्कार-चमत्काराचा सराव करायचे, आणि समोर ऐकायला आमची म्हैस. पासपोर्टाच्या चौकशीला हवालदार आले, त्यांना खेळ कळेना, तर मी ओसरीवर हात पसरून एका पायावर उभी राहून दाखवलं. ते घाईघाईनं चहा न घेताच गेले. पासपोर्ट वेळेवर आला नाही. नाव मागं घ्यावं लागलं. पुढच्या वर्षी नाव पुन्हा टाकलं आणि ऐन वेळी वैशूचं मनगट मोडलं. पुन्हा मागं. ब्लेझर मात्र वाया जाऊ दिला नाही मी... उन्हाळ्यातल्या लग्नांना घालून गेले, घामाघूम होऊन.

नाव मागं घ्यायचा मेहरूचा एक रिवाज होता. ज्या दिवशी नाव मागं जायचं, त्या दिवशी तिकडं करायचा अख्खा खेळ एकदा इथं करून घ्यायचा. पूर्ण पोशाखात, गाण्यासकट, गल्लीतल्या सगळ्यांना बोलावून. मनगटाला प्लास्टर असतानाही वैशूकडून तिनं नुसत्या पायांचा खेळ करवून घेतला होता. मी विचारलं, "कायले जीव खाते पोरीचा? आता कोण पाहून राह्यलं?" तेव्हा कुठं तिनं सांगितलं. तिचं स्वतःचं नाव गेलं होतं बाहेरच्या देशात, एकदाच. आणि तेव्हाच लग्नाची तारीख निघाली. वडिलांनी नाव मागं घेतलं. त्या संध्याकाळी ती हातावर मेंदी लावायच्या आधी शाळेच्या फरशीवर गेली आणि एकटीनं सगळा खेळ करून आली. म्हणाली, "कुसूम, नाव मागं घेतलं तर नुसतं नाव जाते. खेळ अंगातच राह्यला ना, मग तो सडते." आणि लगेच नाक पुसून, "एक माझ्या हातची पोरगी तिकडच्या फरशीवर उभी राहू दे. मग मी तुह्या म्हशीलेही शिकवतो."

मग आलं ते वर्ष. कापसाचे ते दिवस ज्यांनी पाहिले त्यांना वर्णन नको, ज्यांनी पाहिले नाहीत त्यांना सांगून कळणार नाही. पेपर उघडायची भीती वाटायची. दिवाळी झाली तरी काटा सुरू होईना. आज होईल, उद्या होईल. घराघरात कापूस छताला टेकलेला, पोरं कापसातच झोपायची, अंगाला खाज सुटायची. आमच्या पुढच्या खोलीतही तेच. सगळा जिल्हा काट्याकडं डोळे लावून बसलेला, आणि काटा बंद राहिल्यानं फायदा झालेल्या आम्ही दोघीच! जिनाची फरशी रिकामी. वैशूचा पासपोर्ट हातात, मनगट धड, आणि दिवाळीनंतरही सरावाला आख्खी फरशी. असा योग पुन्हा यायचा नव्हता, कारण वयोगटातलं वैशूचं ते शेवटचं वर्ष होतं. आम्ही दोघी हे तोंडानं बोलत नव्हतो. लोकांच्या घरात चूल थंड आणि आपण खुश, हे कसं बोलायचं?

पुढं कापसाच्या बैलबंड्या जिनाबाहेर रांगेला लागल्या. कोणीतरी आवई उठवली होती, की नंबर आधी लावेल त्याचा माल आधी जाईल. रस्त्याच्या कडेनं बंड्या, ट्रॅक्टर, त्यावर पांढरा माल, मालावर माणसं. त्यात आमचीही बंडी होती आणि तिच्यावर वैशूचे बाबा. मी रोज त्यांचा डबा घेऊन जायचे आणि तशीच आत सरावाला. ब्लेझर घालून! आत पोरगी, बाहेर नवरा, मध्ये फाटकात मी, निळी. आजही आठवलं की स्वतःचा कान पिळावासा वाटतो.

एका दुपारी आभाळ भरून आलं. अवकाळी. बाहेर गडबड उडाली, ताडपत्र्या सगळ्यांजवळ नव्हत्या. काही जण फाटकापाशी आले. चौकीदार म्हणाला, "मी का करू? चावी बाईजवळ आहे." म्हणजे हे मेहरूवर आलं. फरशीवर अर्ध्या भागात पत्र्याचं छप्पर होतं आणि उरलेली फरशीही उंच, पाणी न साचणारी. बंड्या एकदा आत आल्या की काटा सुरू होईपर्यंत निघणार नव्हत्या, हे तिला कळत होतं. गावात तशी दुसरी फरशी नव्हती. आणि वैशू त्या वेळी मधोमध गिरकीत होती. मी टेप बंद करायचं विसरले. वैशूचे बाबा गेटाकडं पाठ करून बंडीवर बसून होते. मेहरू गाणं संपेपर्यंत थांबली. वैशूचा शेवटचा हात वर गेला, खाली आला. मग तिनं ओढणीची गाठ सोडली.

"बूट काढा, पोरीहो."

वैशू म्हणाली, "काहून?"

"कापूस भिजते म्हणून."

"आणि मी?"

मेहरूनं तिच्याकडं पाहिलं नाही. "तू भिजली तर वाळतं," म्हणाली आणि फाटक उघडलं.

बंड्या आत आल्या, पाऊस आला, माल वाचला. किती घरांचा वाचला ते मी सांगू शकत नाही, पण आमचाही वाचला. वैशूनं बूट कोपऱ्यात फेकले आणि मेहरूखालाशी बोलणं टाकलं. फरशीवर बैल, माणसं, चुली. दिवसांमागून दिवस सराव नाही. मेहरूनं मग स्वतःच नाव मागं घेतलं. मी चिडून बोलले, थोड्या सरावावर जाऊ दे ना. तर म्हणाली, "बिनसरावाची पोरगी उडी मारायले नेऊ अन् मोडून आणू? तुह्या ब्लेझरसाठी?"

त्याच संध्याकाळी ती आमच्या दारात आली. "वैशू, कपडे घाल."

"कुठं करू खेळ? तुमच्या डोक्यावर?"

"काट्यावर."

जिनाचा काटा म्हणजे जमिनीतला. अख्खी बंडी मालासकट उभी राहील एवढा सपाट चौथरा. कुलूपबंद होता, पण वरची जागा मोकळी होती. वैशू रागानं लाल होऊन गेली, आणि रागानंच नाचली. तेवढ्याशा जागेत उड्या निम्म्या झाल्या, पण गिरकी... तशी गिरकी तिनं आधी कधी घेतली नव्हती आणि नंतरही नाही. बंड्यांवरचे सगळे उठून बसले. कित्येक दिवसांत त्यांनी काट्याकडं नुसतं कुलूप पाहायला पाहिलं होतं. ती थांबली तेव्हा एक म्हातारा ट्रॅक्टरवरून म्हणाला, "घ्या बापा! आपल्या आधी इचाच नंबर लागला काट्यावर." आणि ती सगळी रांग हसली. वैशूही. मग ती मेहरूच्या गळ्यात पडून इतकी रडली, की पोशाखावरची टिकली न् टिकली मेहरूच्या कुर्त्याला चिकटली.

वैशू नंतर शाळेत शिक्षिका झाली. मेहरूनं मात्र दर हंगामाला कोणाचं ना कोणाचं नाव टाकणं सोडलं नाही, आणि दर वेळी काहीतरी आडवं यायचं. जीन बंद पडलं, फरशी राहिली. दर वेळी रिवाजाचा खेळ व्हायचा. आता तर गल्लीतली बारकी पोरं विचारायची, "यंदा खेळ कधी आहे?" म्हणजे नाव कधी मागं जाणार, हे त्यांना सणासारखं झालेलं. यंदा नाव होतं माझ्या नातीचं, वैशूच्या सईचं. सगळं जुळलं होतं. पासपोर्ट, तिकीट, सराव. आणि मेहरू गेली.

तिच्या चाळिसाव्या दिवसाच्या आधीच नाव मागं घ्यायची शेवटची तारीख होती. सई हट्टाला पेटली. "मेहरूनानी नाही तर मी नाही जात." वैशूनं समजावलं, सलीमभाईंनीही समजावलं. सई ऐकेना. वैशू मला म्हणाली, "आई, काढू का नाव?" मी म्हातारी, पण अक्कल अजून वाकडीच चालते. मी सईला म्हटलं, "बरं. नको जाऊ. पण रिवाज आहे. कपडे घाल, खेळ करून टाक, मग तुही आई नाव काढते."

गल्ली जमली. पोरं पुढं मांडी घालून. सलीमभाईंना खुर्ची दिली. सई पोशाखात फरशीच्या मधोमध जाऊन उभी राहिली, हात वर, मान तिरकी, जशी मेहरूनं तिला उभं राहायला शिकवलं होतं तशी. वैशूनं गाणं लावलं. गाणं पुढं गेलं... सई हलली नाही. मला वाटलं, विसरली. मग तिनं हात खाली घेतले.

"आई, बंद कर."

"काहून वं?"

"इथं केला तर झालाच ना मग." ती खाली बसली आणि बूट सोडायला लागली. "हा तिकडंच करतो मी."

आज हे लिहीत असताना दोघी मायलेकी विमानात असतील. तिथं काय होईल, मला ठाऊक नाही, पहिल्याच उडीला पडेलसुद्धा आमची सई, आणि मेहरू असती तर तिनं तिला सगळ्यांसमोर धुतलं असतं. पण त्या संध्याकाळचं सांगते. सई बूट हातात घेऊन अनवाणी निघून गेली तरी पोरं उठेनात. त्यांना कळेना, खेळ झाला की नाही. एकानं सलीमभाईंना विचारलंच, "आता काय आहे?" सलीमभाई म्हणाले, "काही नाही बेटा. यंदा काहीच नाही." आणि ते, मी, ती सगळी पोरं, अंधार पडेपर्यंत त्या रिकाम्या फरशीकडं पाहत बसलो.