सरांचा शेवटचा आकडा

म्हात्रे सर गेले. आमचा डाव अर्धवट टाकून.

पनवेलच्या शाळेत ते आम्हाला गणित शिकवायचे. नव्वदच्या दशकातली गोष्ट. मी मागच्या बाकावरचा, नववीत दोनदा आपटलेला.

शनिवारी शेवटच्या तासाला सर एक गेम घ्यायचे. नाव ठेवलं होतं 'एसटी'.

सर मनात चार वेगवेगळे आकडे धरायचे, ते आम्ही ओळखायचे. आकडा बरोबर जागी असला तर तो 'बसला'. आकडा आहे पण जागा चुकली, तर 'उभा'.

एकदा मी म्हटलं, १२३४.

"कोणीच नाय गाडीत!"

पोरं फिदीफिदी हसली. मी तोंड पाडून बसलो.

"रडतोस काय रं? पाच हजार चाळीस नंबर होते. तुझ्या एका चुकीनं तीनशे साठ उरले. या हसणाऱ्यांना जमलं का येवढं?"

चुकल्याबद्दल शाबासकी मला आयुष्यात तेवढीच मिळाली.

तरी शाळा सोडलीच. एका जागी टिकणं माझ्यात नाहीच. उरणचं कंटेनर यार्ड, मग सुरत, मग दुबई, आता मस्कत.

सरांचा मिस्ड कॉल यायचा. मी उलटा लावला की सुरू.

"अजून उभाच काय रं? दहावीचा फॉर्म भर बाहेरून."

एकदा वैतागून म्हटलं, "सर, एसटीचा डाव लावू. सहा चान्स. ओळखलं तर दहावीचं नाव काढायचं नाय."

"आणि हरलास तर?"

"तर भरतो फॉर्म."

"लाव!"

एका फोनला एकच चान्स. पाच संपले.
७०५२ नाहीतर ७०२५. दोनच नंबर उरले, चान्स एक.

आणि मी फोन करणंच सोडलं.

हरलो तर या वयात पुस्तक उघडायचं.
जिंकलो तर सर परत कशाला मिस्ड कॉल देतील?

मागच्या आठवड्यात त्यांचे दोन येऊन गेले. मी लावला नाही. म्हटलं, शुक्रवारी सुट्टीला बघू.

आज त्याच नंबरवरून काकू बोलल्या. सर गेल्याचं सांगितलं. मग रडत रडत म्हणाल्या, "तुझा आकडा मला सांगून ठेवलाय रे त्यांनी. सांगू का?"

"नको काकू."

सर, सहावा चान्स मी घेत नाय.
मी हरलो असं धरा.

फॉर्म भरतो.

मस्कतहून तुमच्या पोराचा शेवटचा नमस्कार.