तव्यावरचा कांदा

पॅनकेक हा शब्द आमच्या घरात बायकोने आणला आणि आईने तो पहिल्याच दिवशी मोडीत काढला. "धिरडंच आहे ना ते? मंग धिरडं म्हण," ती म्हणाली आणि विषय संपला. बायको कळमेश्वरला कारखान्यात नोकरी करते, सकाळी लवकर निघते, म्हणून नाश्त्याचं खातं माझ्याकडे. पिकलेली केळी कुस्करायची, सफरचंद सालासकट किसायचं, पीठ आणि दूध घालून सरसरीत कालवायचं. साखर नाही, गूळ नाही. संत्र्याचे दिवस असले की वरून सोललेल्या फोडी. स्वयंपाकातलं मला एवढंच नीट जमतं, म्हणून त्याचा तोराही मी जरा जास्तच मिरवतो.

हा उद्योग सुरू झाला आईच्या डायबेटिसमुळे. ती रोज सकाळी स्वतःच पोटात इन्सुलिन टोचून घेते. टोचल्यावर थोड्याच वेळात खाल्लं पाहिजे, नाहीतर साखर इतकी खाली जाईल की माणूस हातचा जाईल, असं डॉक्टरांनी आम्हा दोघांना समोर बसवून सांगितलं होतं. उपासही बंद करायला सांगितले होते. बाकीचे सगळे तिने निमूट सोडले. चतुर्थी मात्र सोडेना, कारण ती माझी होती. माझ्या छातीत स्टेंट बसवत होते तेव्हा बाहेरच्या बाकावर बसून तिने ती कबूल केली होती. मी चिडलो की म्हणायची, "डॉक्टरनं तुले वाचवलं, मले मालूम आहे. पण डॉक्टरले बुद्धी कोणं देल्ली?"

शेवटी आमची तडजोड झाली. चतुर्थीला राजगिऱ्याच्या पिठाचं केळ्याचं धिरडं. उपासाला चालतं आणि पोटातही काही जातं. आपणच जिंकलो असं दोघांनाही वाटायचं.

त्या चतुर्थीला थंडी चांगलीच होती. सक्करदऱ्याचा तलाव आमच्या गच्चीवरून दिसतो, त्या दिवशी धुक्यात तो दिसतच नव्हता. आईने आंघोळ, पूजा उरकली, इंजेक्शन घेतलं आणि येऊन टेबलाशी बसली. इकडे माझं पहिलं धिरडं तव्याला चिकटून फाटलं. राजगिऱ्याला गव्हासारखा चिवटपणा नसतो. दुसरंही फाटलं. "होऊन राहिलं का गा?" आईने विचारलं. "होऊन राहिलं," मी म्हणालो आणि तवा चिकटला की आमच्या घरात कोणीही जे करेल तेच केलं. कांदा अर्धा कापला, काट्याला टोचला, तेलात बुडवला आणि तव्यावर घासला. लहानपणापासून आईला तेच करताना पाहिलंय, हात आपोआप तिकडे गेला. तिसरं धिरडं असं अलगद सुटलं की मी स्वतःवरच खूश झालो. वर संत्र्याच्या फोडी मांडल्या आणि ताटली आईपुढे ठेवली.

तिने पहिला घास घेतला. दोनदा चावला आणि थांबली.

"कांद्याचा वास काहून येऊन राहिला?"

मी तव्याकडे पाहिलं. कांदा अजून काट्याला टोचलेलाच होता, ओट्यावर. आईनेही तो पाहिला. तिने तोंडातला घास हातावर काढला. ती ओरडली असती तर मला बरं वाटलं असतं. ती ओरडली नाही. चूळ भरून आली, पूजेच्या पाण्यात बोट बुडवून ते माझ्या गळ्याला लावलं आणि म्हणाली, "उपास माह्या तोंडातून मोडला. आता तुह्या गळ्याची आण, चंद्र पाह्यल्याशिवाय पाण्याचा थेंबही घेत नाही मी."

गळ्याची आण मोडली की ज्याच्या गळ्याची घेतली तो मरतो, हे आमच्याकडे शेंबड्या पोरालाही ठाऊक असतं. चंद्र रात्री उगवणार होता. आणि इन्सुलिन आईच्या पोटात कधीच कामाला लागलं होतं.

मी आधी हसलो. मग समजावलं. मग ओरडलो, तेही शेजाऱ्यांना ऐकू जाईल इतक्या मोठ्याने. केळं सोलून पुढे धरलं, दूध धरलं. तिने मान फिरवली आणि मेथीची जुडी घेऊन दारात नुकत्याच आलेल्या उन्हात निवडायला बसली. डॉक्टरांना फोन लावला, उचलला गेला नाही. बायकोचा फोन कारखान्याच्या दारावरच जमा असतो. मी दाराच्या चौकटीला टेकून आईच्या हातांकडे बघत राहिलो. हात नेहमीसारखेच चालत होते आणि मला वाटलं, उगाच घाबरतोय आपण.

मग माझं सुपाकडे लक्ष गेलं. आई पानं खुडून केरात टाकत होती आणि देठं सुपात ठेवत होती. अगदी नीट, एकेक.

"आई, काय करून राहिली तू?"

"तुह्या बाबाले डबा द्याचा आहे ना," ती म्हणाली. बाबांना जाऊन बरीच वर्षं झाली आहेत. तिच्या कपाळावर घाम होता, त्या थंडीत, आणि पदर मानेपाशी भिजला होता. मशीन आणून तिच्या बोटातलं रक्त तपासलं. आकडा पाहिला आणि साखरेचा डबा आणायला धावलो.

पाण्यात साखर ढवळून पेला ओठांना लावला, तर तिने दात आवळले. शुद्ध निम्मी हरपली होती, डावं-उजवं कळत नव्हतं, पण तेवढं कळत होतं. मी हनुवटी धरली. तिने ओठ जेमतेम उघडले ते बोलण्यापुरते.

"तू जाशीन," ती म्हणाली. "मी पेली तं तू जाशीन."

डॉक्टर, आकडे, विज्ञान, माझ्याकडे सांगण्यासारखं पुष्कळ होतं, त्यातलं काहीच तिच्यापर्यंत पोचणार नव्हतं. तेव्हा मला आमचा लहानपणचा खेळ आठवला. ज्याच्या गळ्याची आण, त्यानेच आपल्या गळ्याची चामडी चिमटीत धरून "सुटली" म्हटलं तर आण सुटते. मी दारात, येणाऱ्या-जाणाऱ्यांसमोर, आईपुढे गुडघ्यांवर बसलो आणि गळा चिमटीत धरला.

"सुटली वं आई. माझ्या गळ्याची आहे, मीच सोडली. पी आता."

ती माझ्याकडे बघत राहिली. "पुन्हा म्हण."

"सुटली."

तिने तोंड उघडलं. अर्धं पाणी हनुवटीवरून ओघळलं, अर्धं पोटात गेलं. दुसरा पेला तिने स्वतः धरला. मग केळं खाल्लं. हळूहळू डोळ्यांत ओळख परत आली, आणि ओळख येताच ती रडायला लागली. वाचली म्हणून नव्हे. माझ्या छातीवर तळहात ठेवून ती काहीतरी ऐकत असल्यासारखी बसली होती. "दुखून तं नाही राहिलं?" तिने विचारलं. त्या दिवशी तिने मला गाडी काढू दिली नाही. रात्री चंद्राला ओवाळतानाही तिची नजर माझ्यावरच होती.

आता चतुर्थीला मी क्रम बदलला आहे, डॉक्टरांना विचारूनच. आधी ताटली रिकामी होते, मग इंजेक्शन. तव्याला तूप लावतो, धिरडं फाटलं तर फाटू देतो. आई सगळं खाते, एक तुकडा ठेवत नाही. पण मी सोडलेली आण तिच्या लेखी सुटलेली नाही. प्रत्येक घास उचलला की ती आधी माझ्या छातीकडे बघते, मग तो तोंडात घालते, आणि गिळून झालं की पुन्हा बघते.

माझा असल्या गोष्टींवर विश्वास नाही. पण ती घास गिळेपर्यंत मीही श्वास धरून उभा असतो, आणि माझा हात कधी छातीवर गेला ते मला कळत नाही.