सिस्टरच्या थडग्यापुढे आईचं गाऱ्हाणं

आमच्या देवघरात गणपतीशेजारी एका सिस्टरचा, म्हणजे ख्रिस्ती नन बाईचा, फोटो आहे. तिनं माझ्या आईला मालवणजवळच्या गावात गणित शिकवलं. मी कोल्हापुरात बावीस वर्षं तेच शिकवते, पण आईच्या तोंडी कायम "आमच्या सिस्टर असत्या तर". एकदा तरी आईनं "तू छान शिकवतेस" म्हणावं, एवढीच माझी हाव. ख्रिस्ती लोकांच्या मृतांच्या दिवशी, दोन नोव्हेंबरला, सिस्टरच्या थडग्यावर मेणबत्ती लावायला जायचं तिनं काढलं, तेव्हा मी गाडी काढली ती सवतीचं माहेर बघायला जावं तशी.

राधानगरीमार्गे फोंडा घाट उतरावा, पण सकाळी लवकर निघा. घाट संपला की आईची भाषा बदलते. कणकवलीत घावणे आणि काळ्या वाटाण्याची उसळ मागवली, दोघींचं दोनशेत भागलं. "सिस्टरीक ही उसळ लय आवडायची," आई म्हणाली. उसळीची चवच गेली. तरी दोन वाट्या संपवल्या.

दफनभूमीत तिचे साठी-सत्तरीला आलेले वीसेक जुने विद्यार्थी जमले होते, बहुतेक हिंदू शेतकरी. लावणीच्या दिवसांत मुलं शाळेत येत नसत, म्हणून ही बाई पाटी घेऊन बांधावर जायची म्हणे. माझ्याकडे निवृत्तीनंतर कोण येईल, हे मी बोटांवर मोजायला घेतलं आणि सोडून दिलं.

आईच्या वर्गातले बाबलोकाका काजूची बाग सोडून नारळ घेऊन आले होते. "थंय नको, गेटाभायर फोडा," फादर हसत म्हणाले.

मी काकांना विचारलं, एवढं काय होतं तिच्यात?

"माजा गणित चुकला की बाकार येवन बसायची. म्हणायची, बाबल्या, ह्यां माका शिकय. शिकयताना चूक माकाच गावायची. लाल पेन कधी हातात धरल्यान नाय."

मग काकांनी कोकणात देवापुढे मागणं मागताना देवळात घालतात तसं गाऱ्हाणं घातलं, आणि सगळे त्या नन बाईला "व्हय म्हाराजा" म्हणाले. शेवटी आई माझा हात धरून पुढे झाली.

"बाये, ह्यां माजा चेडू. पोरांक शिकयता. तिका तुज्यासारख्या होवंदे."

"व्हय म्हाराजा."

तुज्यासारख्या! दीडशे किलोमीटर गाडी हाकून हेच ऐकायचं होतं? मालवणात बांगड्याची थाळी झकास मिळते, सोलकढी पुन्हा वाढतात. मी रागानं तीनदा घेतली. धामापूरचं तळंही बघा. मला ते नीट दिसलं नाही.

सोमवारी वर्गात एका मुलीनं अर्धा अधिक एक तृतीयांश बरोबर दोन पंचमांश लिहिलं होतं. लाल पेनाचं टोपण मी काढलं, पुन्हा लावलं आणि तिच्या बाकावर जाऊन बसले. "हे मला शिकव बरं."

तिनं शिकवायला सुरुवात केली आणि मध्येच थांबली. "बाई, मिळवून अर्ध्यापेक्षा कमी कसं झालं?" मग स्वतःच खोडून नव्यानं मांडलं.

संध्याकाळी आईनं विचारलं, "आज खुशीत दिसतेस?"

"काही नाही गं," म्हटलं. सांगितलं असतं तर तिनं आधी देवघरात जाऊन कुणाला हात जोडले असते, ते मला ठाऊक आहे.