आणखी एक उपास धर

बावीस वर्षे मी शाळेत विज्ञान शिकवले. निरीक्षणे लिहा, कोष्टक करा, मगच कारण सांगा, हे मुलांकडून घोटून घेतले. स्वतःच्या बाबतीत मात्र मी ते कोष्टक कधी केले नाही. याचा मला राग येतो. आणि ज्यांनी कारण शोधण्याआधीच मला शिक्षा सुचवली, त्यांचा अधिक येतो.

डोंबिवलीच्या घरी मी दुपारी दोनला शाळेतून परते. सासूबाई आत झोपलेल्या असत. ओट्यापाशी उभ्यानेच मी सकाळची पोळी खाई. मग दुसरी, मग डब्यातला चिवडा, बिस्किटांचा अख्खा पुडा, गूळ. चव कळत नसे. पोट दुखू लागले तरी हात थांबत नसे. शेवटी पुड्यांचे कागद वर्तमानपत्रात गुंडाळून मी जिन्याखालच्या कचरापेटीत टाकून येई.

एकदा चिवड्याचा डबा रिकामा सापडला. सासूबाईंनी विचारले, मी खरे सांगितले. त्या रागावल्या नाहीत. त्यांनी उपाय सांगितला.

"जिभेला वळण लाव गं. सोमवार करतेसच, आता गुरुवारही धर."

मी धरला. बाळकुमला राहणाऱ्या थोरल्या नणंदबाई भेटेल त्याला कौतुकाने सांगू लागल्या, "आमची वहिनी नुसत्या चहावर दिवस काढते हो!" इकडे ओट्यापाशी उभे राहण्याच्या दुपारी वाढत चालल्या होत्या.

अखेर ठाण्यातल्या एका समुपदेशक बाईंकडे गेले. त्यांनी फार साधे प्रश्न विचारले.

"हे परवा, मंगळवारी झालं. सोमवारी काय खाल्लं होतंत?"

"दिवसभर काही नाही. उपास होता."

"त्याआधी कधी झालं?"

"शुक्रवारी. आणि गुरुवारी... उपासच होता."

बाईंनी सांगितले ते नीट समजून घ्यावे असे आहे. उपाशी ठेवलेले शरीर संधी मिळताच वसुली करते. त्यात मनाची लाज मिसळली की माणूस पुन्हा उपाशी राहतो आणि फेरा सुरू राहतो. म्हणून ठरल्या वेळी तीन जेवणे, मधे दोनदा थोडे खाणे, आणि तोल गेलाच तरी पुढचे जेवण चुकवायचे नाही. उपास तूर्त बंद.

घरी जाताना माझा संताप आवरत नव्हता. बाई उपाशी राहिली की संयमी, पोटभर जेवली की खादाड, हा कुठला न्याय? माझ्या आजाराला दुर्गुण ठरवले गेले, आणि तो वाढवणारी गोष्टच पुण्य म्हणून माझ्या पदरात घातली गेली. तीही इतक्या प्रेमाने, की भांडायलाही जागा राहिली नाही.

श्रावणातल्या पहिल्या सोमवारी नणंदबाई आल्या होत्या. भर दुपारी मी वरणभात वाढून घेतला.

"अगं, वार विसरलीस काय?"

"नाही विसरले, ताई."

"त्या ठाण्याच्या बाईंनी देवही बंद केला वाटतं!"

"देव चालू आहे. उपाशी राहणं बंद केलंय."

सासूबाई कळवळून म्हणाल्या, "मग संध्याकाळी आमच्याबरोबर काय सोडणार तू?"

"सोडणार काही नाही, आई. तुमच्याबरोबर जेवणार."

एवढ्याने आजार पळून गेला नाही. त्याच आठवड्यात परीक्षेच्या गडबडीत शाळेत डबा उघडायचा राहिला, आणि दुपारी मी पुन्हा ओट्यापाशी होते. सासूबाईंनी या वेळी डोळ्यांनी पाहिले. संध्याकाळी पाने घेताना त्या हळूच म्हणाल्या, "आज तरी राहू दे गं. एवढं खाल्लंयस."

पोट जड होते. नको म्हणणे किती सोपे होते! शिवाय नको म्हटले असते तर घरात सगळ्यांना बरेच वाटले असते.

"आज जेवले नाही तर उद्या पुन्हा हेच होईल, आई," मी म्हटले. "माझं पान घ्या."

त्यांनी घेतले नाही. मी उठून स्वतः ताट आणले, एक पोळी आणि थोडी भाजी वाढून घेतली, आणि सगळ्यांच्या पंगतीत बसून, लाजेने कान तापलेले असताना, सावकाश जेवले.