सत्यभामेची गाढ झोप

ढोकीच्या आसपास लग्न निघालं की दाराशेजारच्या भिंतीवर मोर काढायला सत्यभामेलाच बोलावणं यायचं. चुना, गेरू आणि काडीला गुंडाळलेली चिंधी, एवढ्यावर ती असा मोर उठवायची की वरमाई आधी भिंत बघे आणि मग नवरी. हे ती स्वतःच सगळ्यांना सांगायची. सांगू द्या, तिच्याजवळ मिरवायला तेवढंच होतं.

बहात्तरच्या दुष्काळात लग्नं लांबली, मोर थांबले. आणि नेमकं तेव्हाच धाकट्या जावेचं, महादेवीचं, नाव व्हायला लागलं.

महादेवी उमरग्याकडची. तिला रोज वाईट स्वप्नं पडायची. तिच्या माहेरची रीत अशी, की वाईट स्वप्न सकाळी वाहत्या पाण्याला सांगून टाकायचं, म्हणजे ते वाहून जातं. इथं ओढ्यात नुसती तापलेली वाळू. मग ती भिंतीला सांगू लागली, गेरूनं. घरचा विकलेला बैल तिनं काढला, पाठभर डोळे असलेला. त्याच्या शेजारी साखर कारखान्याच्या धुराड्यातून रिकाम्या घागरी घेतलेल्या बायका बाहेर पडत होत्या. रेघ वाकडीतिकडी, तरी माणसं दुष्काळी कामावरून परतताना वाट सोडून ती भिंत बघायला येत.

सत्यभामेच्या पोटात दुखायला लागलं. "त्यात काय हाय? मलाबी येतंय," ती म्हणे. पण स्वप्न पडेल तर ना! खडी फोडून आल्यावर ती आडवी व्हायची ती थेट उजाडल्यावरच उठायची. उशाशी गेरू ठेवून पाहिला, उपाशी झोपून पाहिलं. शेवटी खोटंच स्वप्न रचून तिनं दोन तोंडांचा साप काढला. शेजारची पुतळाबाई म्हणाली, "मोराची मान लई लांबली की गं."

मग धाराशिवचे चित्रकलेचे मास्तर, आण्णासाहेब, आले. भिंतीसमोर उभेच राहिले. म्हणाले, मोठ्या शहरांतले चित्रकार हल्ली स्वप्नंच रंगवतात, मनाच्या तळाशी दडलेलं बाहेर काढतात. या बाईंची वाट तीच आहे, रविवारी कॅमेरा घेऊन येतो. जाता जाता सत्यभामेच्या जुन्या मोराकडं बघून म्हणाले, "हेही छान आहे." लहान पोरीला म्हणावं तसं. तिच्या अंगाचा तिळपापड झाला.

रविवारी महादेवी टँकरवर गेली आणि सत्यभामेनं प्यायच्या पाण्याची घागर भिंतीवर ओतली. पोतेऱ्यानं बैल, बायका, धुराडं, सगळं पुसलं. ज्या पाण्यासाठी गावात डोकी फुटत होती, ते तिनं मत्सरापायी मातीत घातलं. मग दमून ओट्यावरच कलंडली.

आणि तिला स्वप्न पडलं. तोच बैल, कोरड्या विहिरीच्या तळाशी. त्याच्या पाठीवर डोळ्यांच्या जागी मोरपिसं फुटलेली, ती गळून गळून विहीर भरत होती आणि सत्यभामा स्वतः त्यांच्याखाली होती. दचकून उठली तेव्हा समोर ओली भिंत होती. तिनं गेरू उचलला.

मास्तर आले तोवर महादेवीही पाणी घेऊन परतली होती.

"महादेवीबाई, हे तर मागच्यापेक्षा सरस झालंय," मास्तर म्हणाले.

"माझं न्हाय ते. आमच्या अक्कांचं हाय."

मास्तर हसले. थोरल्या जावेचा मान राखते आहे, असं त्यांना वाटलं.

"अक्का, तुमी सांगा की."

आपलं म्हणावं, तर आधीची चित्रं कुठं गेली तेही सांगावं लागणार. रिकामी घागर पायाशीच पडली होती.

"तिचंच हाय," सत्यभामा म्हणाली.

फोटो शाळेत लागला, खाली नाव महादेवीचं. पुढं पाऊसपाणी झालं, गावात दूध सोसायटी निघाली, तिची भिंत रंगवायलाही महादेवीलाच बोलावलं. तिनं हात जोडून नकार दिला. त्या रविवारपासून तिला एकही स्वप्न पडलं नव्हतं.

"अक्का, तुमी पाण्यानं पुसलं ते लई बरं केलं," ती मनापासून म्हणाली.

सत्यभामा मात्र जन्मभर पहाटे दचकून उठत राहिली. अंधारात गेरू चाचपायची. शेजारच्या खोलीत महादेवी खुशाल घोरत असायची, आणि ते घोरणं ऐकून सत्यभामेचा जीव जळायचा.